मावशीच्या बागेतल्या गाठी

३ डिसेंबर

पोचलो. कान जागेवर आहेत का ते दोनदा हात लावून बघितलं. अंगणातल्या बादलीत पाण्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा — बोटाने फोडला, मजा आली.

मावशी दारातच. "आलास? बॅग डावीकडे भिंतीला ठेव. मध्ये नको." कसा आहेस नाही, प्रवास कसा झाला नाही. बॅग डावीकडे!

दादाचं बोलणं अजून डोक्यात घुमतंय. मावशीचा मुलगा तो, पण हुकूम सगळे माझ्यावर. "महिनाभर जाऊन राहा. प्रबंध सोडून रिकामाच बसलायस. आईला एकटीला झेपतंय का ते नीट बघ आणि चार जानेवारीला मी आलो की खरं काय ते सांग. झेपत नसेल तर घर बंद करून तिला माझ्याकडे आणतो. तिला विचारून काही उपयोग नाही, ती कायम ठीकच असते."

म्हणजे मी हेर. तोही बिनपगारी.

५ डिसेंबर

हेराची पहिली नोंद: झेपतंय. माझ्यापेक्षा तर कितीतरी जास्त.

सहाला उठते. अंधारातच शेगडी पेटवते, दिवासुद्धा लावत नाही. उजाडलं की बागेत. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत चौदा वाफे. मटारवर रात्री जुन्या चादरी घालते, सकाळी काढून दंव झटकते. चादरी मी झटकल्या. एकीतलं सगळं दंव माझ्याच कॉलरमध्ये. मावशी हसली! "झाली आंघोळ?"

प्रत्येक वाफ्यावर या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत सुतळी ताणलेली. कळकट. जागोजागी गाठी. सुतळी कसली, गुंतवळच. एवढी टापटीप बाई आणि हे काय?

७ डिसेंबर

संध्याकाळी मला सुया दिल्या. "हात मोकळे असले की तू नखं खातोस. आवाज येतो."

दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. एक टाका गळला. शिवी. उसवा. दोन सुलट, दोन सुलट — छे! उसवा. मावशीचा पायमोजा माझ्यासमोर टाचेपर्यंत पोचला. तिनं एकदाही खाली बघितलं नाही, बोलतच होती. माझं जे झालंय ते मफलर आहे की पोतेरं, ठरायचंय.

शेजारचे पोस्टमनकाका आले — निवृत्त झालेत, आता दिवसभर लाकडाचे चमचे कोरतात. गावात चमचे जास्त, तोंडं कमी, असं मावशी म्हणते. मला विणताना बघून म्हणाले, "वा! आता मुलगा दाखवायला हरकत नाही."

११ डिसेंबर

काही नाही. थंडी. गाजरं काढली. एकाला तीन पाय.

१२ डिसेंबर

मावशी रोज मला पेपर वाचायला लावते. "तुझा आवाज बरा आहे." आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं. आज मृत्युलेखसुद्धा रंगवून वाचले.

दादाचा फोन. "काय म्हणतेय परिस्थिती?" म्हटलं, मस्त. "नीट बघ," म्हणाला. बघतोय की!

१५ डिसेंबर

आज माझ्यावर मीच खूष आहे.

जेवून मावशी आडवी झाली. मी बाजारातून हिरवी नवी दोरी आणलीच होती. चौदाच्या चौदा वाफ्यांवरच्या त्या कळकट सुतळ्या काढल्या आणि नवीन ताणल्या. जुन्या फेकायला जिवावर आलं, म्हणून ओट्यावर बसून एकेक गाठ सोडवली — सुईने, दाताने, पक्कडीने. दोन तास! मग त्यांचा छान गोल गुंडा केला. बाग कशी दिसतेय! वहीच्या आखलेल्या पानासारखी.

मावशीला सांगितलं नाही. सकाळी बघेल.

१६ डिसेंबर

लिहवत नाहीये.

उजाडल्यावर ती बागेत गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, चहा घेऊन, कौतुक ऐकायच्या तयारीत. ती पहिल्या वाफ्याशी वाकली. खुंटी धरली, दोरीवरून हात पुढे नेला. थांबली. परत मागे. दुसरा वाफा. पुन्हा तेच. तिसऱ्याशी नुसती दोरी चिमटीत धरून बसली. मग उभी राहिली आणि हललीच नाही.

मी धावत गेलो. "आवडलं? जुन्या सगळ्या काढल्या—"

"गाठी?"

"सोडवल्या."

ती तशीच दंवावर खाली बसली. मग अगदी हळू — "ठोंब्या, मी कुठल्या वाफ्यात आहे ते सांग."

कोबीत होती. समोर हातभर मोठे कोबीचे गड्डे!

१६ डिसेंबर, परत

दोन वर्षं झाली म्हणे. मधोमध काळं भोक, कडेकडेने थोडा उजेड. "हात दिसतो. हातात काय आहे ते नाही दिसत." कमी व्हायला लागलं तेव्हाच तिनं सुतळ्यांना गाठी मारल्या. खुंटीजवळ एक गाठ म्हणजे लसूण. दोन म्हणजे मटार. तीन गाजर. पुढे टीचभर अंतरावर एकेक गाठ — तिथे बी. बोटाने वाचायची. अख्खी बाग तिनं दोरीवर लिहून ठेवली होती आणि मी ती दातांनी पुसली.

सगळं आता दिसतंय मला. दिवा न लावणं. बॅग डावीकडे. चहा ओतताना कपात बोट — मला वाटलं, सवय. "तुझा आवाज बरा आहे." आणि मी फुगलो होतो!

तेरा दिवस हेरगिरी. चष्मा मला आहे, तिला नाही.

१७ डिसेंबर

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. सकाळी अंगणात पाऊल टाकायच्या आधी माझ्या दंडाला धरलं — पहिल्यांदाच. माझ्या हाताला घाम. एवढ्या थंडीत!

१८ डिसेंबर

पुन्हा लिहायला घेतली बाग. मी सांगतो पान कसं आहे, ती चुरगाळून वास घेते.

"लांब, पोकळ पात आहे."

"कांदा. पुढे."

"हे पण लांबच, पण चपटं."

चुरगाळलं. "लसूण. तुला वास येत नाही? नाक कशाला दिलंय, चष्मा ठेवायला?"

गाठ तीच मारते. मी मारली ती चाचपून म्हणाली, "ही गाठ आहे की अफवा?" सोडायला लावली. परत मारली. परत सोडायला लावली. माझी चौथी गाठ पास.

२० डिसेंबर

बारा वाफे झाले. दोन वाफ्यांत वर काहीच आलेलं नाही, नुसती काळी माती. तिलाही आठवेना. "त्यात काय पेरलंय ते त्या गाठींनाच माहीत होतं," म्हणाली. मला माती उकरून बघायचं होतं. "हात लावू नकोस. बी आहे ते, चोर नाही."

पोस्टमनकाका कुंपणापलीकडून बघत होते. नवीन दोरी, नवीन गाठी, आम्ही दोघं गुडघ्यांवर. काही विचारलं नाही त्यांनी. नुसतं "गुडघ्याखाली पोतं घ्या" म्हणाले, आणि दोन पोती टाकली.

२३ डिसेंबर

आज तो विषय निघाला. काढायचा नव्हता मला.

विणताविणता म्हणाली, "तुला त्यानं बघायला पाठवलंय ना?"

टाके गळले. चार.

"कधीपासून माहीत आहे?"

"एरवी तू तीन दिवस राहतोस, तेही तुझ्या आईने ढकलल्यावर. महिनाभर राहतोस म्हणजे काम असणार."

मी विचारलं, "दादाला काय सांगू?" ती म्हणाली, "खोटं बोल असं मी म्हणणार नाही. खरं बोल असंही म्हणणार नाही." मग — "तिकडे नवव्या मजल्यावर आहे त्याचं घर. चांगलं आहे. सगळ्या भिंती सारख्या, सगळ्या खोल्या सारख्या. मागच्या वेळी मी बाथरूम शोधत सुनेच्या कपाटात शिरले. सगळे हसले. मीही हसले."

२४ डिसेंबर

तिला नेलं तर तिकडे ती काय वाचेल?

२८ डिसेंबर

झोप नाही. दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडतोय. पडली तर? शेगडीवर पदर गेला तर? पण दोन वर्षं नाही ना गेला! आणि गेला तर दादा मला काय म्हणेल, मी मला काय म्हणेन?

मफलर हातभर झाला. मावशीने बोटं फिरवली. "मध्ये इथे तू काळजी करत होतास. घट्ट झालंय."

२ जानेवारी

ठरलं. खोटं बोलणार. बागेत ती सगळं चोख सांगते — मी परीक्षा घेतली, चौदापैकी बारा. उरलेल्या दोन वाफ्यांना आम्ही "थांबा" अशी गाठ मारली आहे.

४ जानेवारी

दादा येऊन गेला.

सुरुवात झकास. मावशीने त्याला बाग फिरवली. हा लसूण, हे मटार, हे बीट. एकदाही अडखळली नाही. चहा ओतला — बोट आत, पण दादा तेव्हा फोनवर होता. मी मनातल्या मनात टाळ्या.

मग त्यानं बॅगेतून लोकरीचा गुंडा काढला. तिच्या हातात ठेवला. "आई, तुझ्यासाठी. रंग आवडला?"

"छान आहे."

"कुठला आहे सांग बरं?" हसतच विचारलं त्यानं. हसतच!

तिची बोटं गुंड्यावरून फिरत राहिली. मी म्हटलं, "मावशीला निळा आवडतोच, दादा, तू विचारतोस काय!"

दादाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग मला अंगणात नेलं. "सरळ सांग. डोळे कसे आहेत तिचे?"

"माझ्यापेक्षा बरे."

"तू महिनाभर राहिलास इथे."

"म्हणूनच सांगतो."

"ठीक आहे," म्हणाला. गाडीत बसला. काच खाली करून आईला म्हणाला, "तुला काही सांगायचंय मला?" ती म्हणाली, "जपून जा." तो गेला.

वाचलं घर! आत येऊन मी अक्षरशः उडी मारली. मावशी खुर्चीत, मांडीवर तो गुंडा. म्हटलं, "जिंकलो ना?" म्हणाली, "तुला खोटं बोलताना घाम येतो. वास येत होता."

५ जानेवारी

दिवसभर विणकामाला हात नाही. मटारवरच्या चादरी काढायच्या राहिल्या, मी काढल्या. संध्याकाळी एकच वाक्य — "तू माझ्या वतीने बोललास. मी समोर असताना." मला वाटलं, आभार मानतेय.

६ जानेवारी

सकाळी मला नंबर दाबायला लावला. स्पीकर चालू कर म्हणाली. "मला दिसत नाही रे. दोन वर्षं झाली. त्या पोराला बोल लावू नकोस, ते माझ्यापायी खोटं बोललं." मग दादा — "मला माहीत आहे, आई. पोस्टमनकाकांनी मागच्या वर्षीच कळवलं होतं. तू पडलीस तर पडले म्हणून मला सांगशील की नाही, एवढंच बघायचं होतं. काल रात्रीच पॅकर्सवाल्याला रविवारी या म्हणून सांगितलं होतं मी. आता तू सांगितलंस, नको म्हणून कळवतो." मग म्हणाला, "त्याला दे फोन."