शिवलेले खिसे

प्रिय एलमुरोद,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आता मोकळेपणी बोलता येत नाही, म्हणून मुहय्योमावशीच्या हाती देतेय. ती लेकीकडे तिकडे तुझ्या मॉस्कोला निघालीय. वाचून झालं की जाळून टाक.

बाबांची तब्येत बरी आहे. पण बाजाराच्या तोंडाशी असलेली आपली नानची भट्टी जिल्ह्याच्या हाकिमाच्या भाच्याला हवी होती. आला, चहा प्यायला, गोड हसून म्हणाला, "काका, आता आराम करा." बाबा म्हणाले, "मी आराम केला तर लोक काय खातील, तुझी मोटार?" सगळे हसले. या माणसाला कुठे गप्प बसावं ते कधी कळलंच नाही बघ!

जुन्या कम्युनिस्ट राजवटीत तुझ्या आजोबांना घरी भाजलेले नान विकले म्हणून धरून नेलं होतं. तेव्हा विकणं गुन्हा होता, आता न विकणं गुन्हा आहे. इथे दुकान न देणाऱ्याच्या खिशात पोलिसांना हटकून गर्दची पुडी सापडते. चाकूच्या दुकानाचा नोरबोय तसाच अजून तुरुंगात आहे. म्हणून मी घरातल्या सगळ्या कपड्यांचे खिसे शिवून टाकले. बाबा चिडवायचे, "अगं, रुमाल काय डोक्यावर ठेवू?" चिडवायचे, पण रात्रभर जागे असायचे. दाराशी गाडी थांबली की मी उठून दिवा मालवायचे.

एका तुझ्या कोटाचे खिसे तेवढे शिवले नाहीत रे. म्हटलं, पोरगा येईल, थंडीत हात कुठे घालेल?

मंगळवारी झडती झाली. शिपायाने नेमका त्याच कोटात हात घातला आणि पुडी काढली. त्यांचा साहेब बाबांना म्हणाला, "मुलगा येतोय ना बहिणीच्या लग्नाला? विमानतळावरच भेटू त्याला. की भट्टीच्या कागदावर सही करताय?" बाबांनी सही केली. मी हात जोडून म्हटलं, आता तरी पोराच्या नावाचा तो पंचनामा फाडा. तर हसून म्हणाला, "राहू दे मावशी, जपून ठेवतो. मुलगा आला की कामाला येईल."

निघताना तू एक घास तोडलेला नान भिंतीवर टांगलेला होता, परत येऊन तूच संपवायचा म्हणून. काल मी तो उतरवला. चहात बुडवून आम्ही दोघांनी खाल्ला.

लग्नाला येऊ नकोस, बाळा. उद्या फोनवर मी रडून रडून ये म्हणाले तरी येऊ नकोस. तेव्हा साहेब माझ्या शेजारी बसलेला असेल.

तुझीच,
आई