घराला चाकं, चाकांना जागा

अर्डिथताई,

वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा वाकलो असं समज). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं घोरणं? मी इकडे मजेत आहे. इतका मजेत, की अर्धं ऑरेगन पाहून झालं, आणि ते मला पाहून कंटाळलं.

"लायल, घर विकू नकोस," असं तू बजावलं होतंस. माझी जॉइस गेल्यावर त्या सहा खोल्यांत माझाच खोकला मला ऐकू यायचा, म्हणून विकलं आणि चाकांवरचं हे लाकडी घर बांधलं. ट्रकला जोडलं की स्वर्ग आपला मागोमाग येतो. स्वर्ग उभा कुठे करायचा, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. (तू सांगितलं होतंस. पण तू सगळंच सांगतेस, त्यातलं नेमकं ऐकायचं काय?)

आधी काउंटीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागची बाई फार प्रेमळ. म्हणाली, "याला चाकं आहेत, म्हणजे हे वाहन. वाहनात राहता येत नाही."

"बरं, चाकं काढतो."

"मग ते घर. पण एवढं लहान घर आमच्याकडे चालत नाही."

"चालावं म्हणूनच तर चाकं लावली, बाई!"

तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

मग ऑर्व्हलच्या अंगणात लावलं. (माझ्याबरोबर शाळेची बस चालवायचा तो. बिचाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याची तीन लग्नं झाली.) तिथे वसाहतीच्या अध्यक्षीणबाई फाटकातूनच ओरडल्या, "हिरवा रंग इथे शोभत नाही!" मी मुकाट्याने सगळं घर चिखलाच्या रंगात रंगवलं. बाईंनी चष्मा लावून चारी बाजूंनी पाहिलं. "आता शोभतं," म्हणाल्या. "आता हलवा."

शेवटी एका पाद्रीबाबांनी चर्चच्या आवारात जागा दिली. रविवारी सकाळी दार उघडतो, तर बाहेर रांग! भाविकांना वाटलं, कॉफीचं दुकान आलं. "दोन कडक, साखर नको," पहिली आजी म्हणाली. नाही कसं म्हणणार? किटली चढवली. कोणी पायरीवर टेकलं, कोणी आत पलंगावर. एका म्हाताऱ्याने आपल्या बायकोचं आजारपण पहिल्यापासून सांगितलं, मी जॉइसचं सांगितलं. माझ्या दाराशी एवढी माणसं तिच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच आली, ताई. तिकडे प्रवचन रिकाम्या बाकांना ऐकावं लागलं. पाद्रीबाबा बाहेर येऊन गोड आवाजात म्हणाले, "बंधो, देवाच्या दारी सर्वांना जागा आहे. गाड्या लावायलाच तेवढी कमी पडते."

तर असं आहे. माझी काळजी नसावी. मला कोणाची गरज नाही.

तुझा स्वतंत्र व सुखी भाऊ,
लायल

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ट्रकच्या खिडकीतून तुझ्या टपालपेटीपर्यंत हात पोचतो. उतरलो असतो, पण हा नवा कुत्रा कुठून आणलास? दात फारच निरोगी आहेत.

आणखी ता. क. सफरचंदांच्या बागेमागे सपाट जागा दिसते. एक हिवाळा फक्त. भांडायलासुद्धा माणूस लागतं गं.

शेवटचा ता. क. पडदा हलला, मी पाहिलं. घरात नसल्याचं सोंग करू नकोस. कुत्र्याला हाक मार.