गाडी बंद हाय म्हणा

अहो,

आल्या आल्या पुढच्या दाराला आतून कडी लावा, मग हे वाचा.

तुमी टँकरला गेलता तेवढ्यात कारखान्याच्या सुंदररावाची माणसं आलती. उद्या चेअरमनची निवड हाय, मतं फुटू नयेत म्हणून आजच सगळे संचालक सहलीला न्यायचेत. गाडी आपली पाहिजे आणि चालवायला तुमी. त्यातले मोहनकाका यायला तयार न्हाईत, तर त्यांना उचलून मधल्या सीटवर दाबून न्यायचं, असं माझ्या देखत बोलत होते. एकाच्या हातात दोर होता.

मी म्हणलं, गाडी बंद हाय. तर हसायलाच लागले. "वहिनी, तुमचा नवराच पारावर सांगतो की, जपानची गाडी हाय, कधी वाटंत उभी राहिली न्हाई, आज विकली तरी भाव येईल." दुष्काळात बैल विकले आन् ही ठेवली, तवाबी तुमी हेच बोललता. दिवस मावळायला येतो, चालू करून बघतो, म्हणून गेलेत.

कारखान्याची सभासदाची साखर आणलेली, ती सगळी डिझेलच्या टाकीत ओतली. मला काय बोलायचं ते मागून बोला. किल्ली गाडीलाच ठेवलीय, म्हणजे ती मागायला कुणी घरात शिरणार न्हाई.

मी मोहनकाकांना सांगायला मळ्यात चाललेय.

गाडी बंद पडली तर बरंच हाय. पण ती तुमी सांगता तशीच असली तर? मागचं दार उघडं ठेवलंय. इंजिनचा आवाज आला की पळा.

बायना