कीपर किती पावलं मागे

२ नोव्हेंबर, सकाळी ६
संकल्प: अजून तीन सीझन खेळणे. एकोणचाळीस हे फास्ट बोलरचं वय नाही म्हणणारे स्वतः स्पिनर असतात. रोज पाच किलोमीटर पळणार.

सकाळी ६.४०
दीड झाले. पहिल्याच दिवशी अति करू नये.

५ नोव्हेंबर
क्लबच्या सेक्रेटरींचं पत्र. पुढच्या महिन्यापासून बोलिंग कोच व्हाल का, तीस तारखेच्या आत कळवा. हसलो. बायकोला वाचून दाखवून पुन्हा हसलो. ती हसली नाही. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही. पत्राची घडी डाव्या बुटात टाचेखाली घातली. टाच दुखत नाहीये, पण कागद वाया का घालवा?

९ नोव्हेंबर
मॅच. बोलिंग उत्तम, विकेट शून्य. एक गोष्ट खटकली. आमचा कीपर म्हणजे माझा सख्खा मेहुणा. फास्ट बोलरला कीपर स्टंपांपासून लांब उभा राहतो. जितका लांब, तितका बोलरचा वचक. मेहुणा चौदा वर्षं मला वीस पावलं मागे उभा राहिलाय. त्याची करंगळी मी दोनदा मोडलीय, सासरी अजून विषय निघतो. आज पुढे सरकलेला वाटला. सगळे जेवायला गेल्यावर त्याच्या बुटांच्या खुणांपर्यंत मोजलं. चौदा. माझी पावलं लांब पडली असणार.

१० नोव्हेंबर
निदान झालं. मेहुण्याची नजर गेलीय.

१६ नोव्हेंबर
मॅच. अकरा पावलं. रन-अप बावीसचा सोळा केला. दम लागतो म्हणून नव्हे, लय सापडावी म्हणून. कॅप्टन म्हणाला, स्लोअर बॉल झकास पडतोय. मी एकही स्लोअर बॉल टाकला नव्हता. थँक्यू म्हणालो.

१८ नोव्हेंबर
मेहुण्याला स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. मग डॉक्टरांनी मलाच खुर्चीत बसवलं. मला चष्मा लागला. हा डॉक्टर काही खरा नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी
भावाला जरा समजाव, असं बायकोला सुचवलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, तो लांब उभा राहिला तर तुमचा चेंडू दोन टप्पे घेत येतो, लोक हसतात, भावोजींना हसलेलं त्याला बघवत नाही, म्हणून सरकतो पुढे. मी पाणी प्यायलो.

भीती वाटते. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय. रन-अपच्या खुणेवर उभा राहिलो की बांधलेली लेस पुन्हा बांधतो. चेंडू हातातून सुटल्यावर पलीकडे पोहोचेपर्यंत हल्ली फार वेळ जातो. तेवढ्यात नको ते विचार येतात. बोलिंग गेली तर मी कोण, हा त्यातला एक.

२९ नोव्हेंबर
सीझनची शेवटची मॅच. सकाळीच मेहुण्याला फोन केला, आज वीस पावलं मागे राहा, बघच. तो बरं म्हणाला. आणि खरंच राहिला.

पहिला चेंडू जीव खाऊन टाकला. एक टप्पा, दुसरा टप्पा, मग घरंगळत गेला. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. कॅप्टनने हाताने खूण केली. मेहुणा खाली मान घालून चालत आला आणि थेट स्टंपांना चिकटून बसला, स्पिनरला बसतात तसा. हेल्मेट घाल रे, असं मीच ओरडलो. तो म्हणाला, राहू द्या भावोजी, दिसतोय चेंडू.

३० नोव्हेंबर
पत्र बुटातून काढलं. घामाने शाई पसरलीय, 'कोच' तेवढं वाचता येतं. चष्मा लावून सही केली. मेहुण्याच्या गुडघ्यांचा विचार करून हा निर्णय घेतला आहे.

७ डिसेंबर
कोचिंगचा पहिला दिवस. विषय: वेगाला घाबरायचं नसतं. अर्धा तास बोललो. मग नेट. कीपर आला नव्हता. बेकरीवाल्याची मुलगी बोलिंग टाकणार होती. तिला म्हटलं, टाक बिनधास्त, मी आहे स्टंपांमागे. ऐटीत आठ पावलांवर उभा राहिलो. पहिला चेंडू कानाजवळून गेला. दिसला नाही, ऐकू आला.

दुसरा टाकायच्या आधी ती थांबली आणि तिने विचारलं, सर, कुठे चाललात? मी कुठेच चाललो नव्हतो.

स्टंपांपर्यंत परत येताना पावलं मोजली. एकवीस.