रानचिमणी कुणाची

रास तनुरा
१४ मे १९९१

प्रिय शोभना,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. त्यात तू एकच प्रश्न विचारलास, रेवाचं नाव तिथल्या शाळेत तिसरीत घालू का. त्याचं उत्तर मला एका ओळीत देता आलं असतं, पण ती ओळ तू जन्मात विसरली नसतीस, म्हणून थांबले. उत्तर या पत्रात आहे. मध्येच पान उलटून शोधू नकोस, आधी ताईचं ऐकून घे. शोभना ऐकून फार छान घेते असं सगळं नाशिक म्हणतं.

पहिल्यांदा रेवाला सांग की तिच्या रानचिमण्या इथे पोचल्या. मागच्या खेपेला कॅसेटमध्ये तिने मला बजावलं होतं, त्या आल्या की कळव. आपल्या बांधावरच्या पळसावर थंडीत जो थवा उतरतो त्यातल्या काही चिमण्या उन्हाळ्याआधी आईकडे अरबस्तानात जातात, असं तू तिला सांगितलंस म्हणे. त्या पळसाच्या फुलात चोच घालून मध पितात आणि त्यांच्या कपाळाला पिवळी पूड लागते, तेही तू दाखवलंस. आता मला सांग, प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले ती मी. तू चित्रकलेची बाई. रेवा माझ्यापाशी होती तेव्हा मी तिला साधा कावळा दाखवायला गेले तरी ती टीव्हीपुढून हलायची नाही. पण ते आपल्या घरात जुनंच आहे. मांजरीला दूध मी घालायचे आणि ती झोपायची तुझ्या पांघरुणात.

तर तिने सांगितलं म्हणून मी एप्रिलपासून आभाळाकडे डोळे लावून बसले. आभाळ म्हणजे काय, कुवेतच्या विहिरी अजून जळतायत. वारा उत्तरेचा असला की भरदुपारी दिवे लावावे लागतात आणि वाळत घातलेली चादर काढावी तर ती पुन्हा धुवायला टाकावी लागते. अशा धुरात कोण शहाणा पक्षी येईल असं मला वाटायचं. कॅम्पच्या वाचनालयातलं पुस्तक आणलं तर त्यातही लिहिलेलं की रानचिमण्या आमच्या या किनाऱ्यावर फारशा थांबत नाहीत, वरच्या वर पुढे जातात. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, शोभनामावशीचं एक तरी चुकलं.

चुकलं नाही. आमच्या क्वार्टर्समागे कपडे वाळत घालायच्या तारेचा एक लोखंडी खांब आहे, कडुनिंबाच्या सावलीत, वरचं टोपण उडालेलं. एक दिवस त्या पोकळ तोंडातून एक डोकं बाहेर आलं. घरचिमणीएवढंच पाखरू, पण सडपातळ, मातकट, खांद्यावर तांबूस डाग आणि गळ्यावर हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळा ठिपका. चोच काळी कुळकुळीत. रेवाला सांग, तिने पाहिली तेव्हा चोच फिकट होती ना, ती वीण जवळ आली की नराची काळी होते. म्हणजे थंडीत तुमच्याकडे येतो तो नुसता खाऊनपिऊन राहायला, संसार इथे करतो. हे वाचलं तेव्हा, तुझी शपथ, मला इतका आनंद झाला की रात्री शिरीषला ताटावर बसवून वाचून दाखवलं. जिथे अंडी घालतं ते त्याचं घर, असं मी म्हटलं. तुझे भावोजी भात संपवून उठले. रिफायनरीतून आलेल्या माणसाला चिमणीशी काय घेणं असणार, पण मला वाटतं त्यांना कळलं.

पलीकडच्या ब्लॉकमध्ये बिलकिस राहते, श्रीवर्धनची. तिचा नवरा रफीक इथल्या स्टोअरमध्ये आहे. आपली कॅसेट मुंबईपर्यंत पोचवतो तो त्याचाच भाऊ. तार आम्हा दोघींची सामाईक. तिथे कपडे घालू नको म्हटलं तर आधी ती चिडली, चिमणीपायी कपडे घरात वाळवायचे का म्हणाली. मग एकदा मादीला तोंडात दोरा धरून आत शिरताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बिचारीने आपले कपडे स्वतःच दुसरीकडे हलवले. घरट्याच्या अस्तराला त्यांना केस, लोकर असलं मऊ काहीतरी लागतं. रेवा गेली तेव्हाची तिची फणी माझ्या खणात होती, तिच्यातला गुंतवळ मी काढला नव्हता. तो मी तारेवर अडकवून ठेवला. मादीने तो दोन खेपांत नेला.

आता केसांचा विषय निघालाच आहे तर बोलते. तू तिचे केस कापलेस. मला न विचारता. फोटो आला तेव्हा मी आधी विचार करत बसले की ही शोभनाच्या शेजारी बसलेली मुलगी कोण. उवा झाल्या होत्या हे तुझं म्हणणं खरं असेल, तू कुठे खोटं बोलतेस. पण त्या वेण्या मी घातल्या होत्या गं, रोज सकाळी, शाळेची बस हॉर्न मारत असताना. कापलेले केस टाकलेस की ठेवलेस तेही लिहिलं नाहीस. निदान थोडेसे तरी माझ्या मागच्या अंगणातल्या घरट्यात आहेत.

आणि तिचं मराठी. इथे असताना मी मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. रागावले, लाडीगोडी लावली, काही उपयोग झाला नाही. तिच्या त्या सगळ्या इंग्रजीत एकच मराठी शब्द होता, आई, आणि तो माझा होता. आता कॅसेटमध्ये ती तुझ्यासारखी हेल काढून बोलते, काय गं बाई म्हणते, आणि दर वाक्याला मावशी म्हणते, मावशी म्हणते. शेजारच्या बायकांना ऐकवली तर सगळ्या म्हणाल्या, किती गोड मराठी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माय मरो पण मावशी जगो असं आपल्यात उगाच नाही म्हणत. फक्त ते म्हणणाऱ्यांनी मायला कधी विचारलं नसावं.

तू एकदा लिहिलं होतंस, ताई, तू तेव्हाच तिच्याबरोबर का आली नाहीस. टोमणा नव्हता, माहीत आहे. ऑगस्टमध्ये कुवेत पडलं तेव्हा माझा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कामाला कंपनीत अडकलेला होता, रेवाचा घरात होता. ओळखीचं कुटुंब निघालं होतं, म्हणून तिला त्यांच्याबरोबर धाडली. शाळा उघडेपर्यंत परत येईल असं तिला सांगितलं. पुढे माझा पासपोर्ट आला, पण शिरीषला कंपनी सोडेना, आणि खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून, गॅसचा मास्क मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला एकट्याला टाकून मला निघवेना. मला वाटलं, लेकीला काय, ती सुखरूप आहे, नवऱ्याला माझी गरज आहे. तो हिशोब तेव्हा बरोबरच होता.

आणखी एक ऐक. आपली कॅसेट एकच, तीच जाते आणि तीच येते, एकमेकींच्या आवाजावर आपण आपला आवाज भरतो. पहिल्या खेपेला रेवा त्यात नुसती रडली होती. आई, मला ने, एवढंच. मी ते ऐकलं, डोळे पुसले आणि त्याच्यावरच हसतखेळत आपली खुशाली भरून पाठवली. तिने पुन्हा रडू ऐकू नये म्हणून. आता ते रडणं मला मिळत नाही. सायरन वाजायचे त्या दिवसांत मला त्याची इतकी आठवण यायची की काय सांगू. इथे बायका दागिने कुठे ठेवायचे या काळजीत होत्या आणि मला वाटायचं, ती टेप मी का पुसली.

पुस्तकात पुढेही लिहिलंय. सगळ्याच रानचिमण्या प्रवास करत नाहीत. आपल्याकडे बारा महिने राहणाऱ्याही आहेत, तिथेच घरटी करतात. थंडीत इकडून गेलेल्या त्यांच्यातच मिसळतात, एकाच पळसावर बसतात. इकडच्या जरा फिकट असतात म्हणे, एवढाच फरक, आणि तोही जवळून पाहिला तर. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आपलं मराठी बोलणारी, बॉब केलेली, पळसाखाली उभी राहिलेली रेवा डोळ्यांपुढे आणली तर मलाही सांगता येईना की ही पाहुणी की तिथलीच. घरट्यात आता पिल्लं आहेत. दोघंही चोचीत अळ्या आणतात आणि पिल्लं, कोणीही आलं तरी, सारखाच गलका करतात. मी ते बघायचं सोडून दिलंय.

आता तुझं उत्तर. मागच्या खेपेच्या कॅसेटच्या शेवटी, सगळं सांगून झाल्यावर, तुम्ही रेकॉर्डर बंद करायला विसरलात. मी पोळ्या लाटत होते, टेप तशीच चालू होती. नुसता वारा, भांड्यांचा आवाज, आणि मग लांबून रेवाची हाक, आई, लवकर ये, आल्या बघ. मी ओ दिली, शोभना. पिठाच्या हातांनी, रिकाम्या घरात, मोठ्याने. आणि माझ्या मागोमाग टेपमधून तू ओ दिलीस. दचकली नाहीस, हसली नाहीस, तिला चुकलीस म्हणाली नाहीस. आले गं, म्हणालीस आणि तुझ्या चपला वाजल्या. कॅसेट तशीच धाडलीस, म्हणजे तुला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. धुरात दिवस काढणाऱ्या बाईने आपल्या बहिणीला शिव्या घालाव्या तेवढ्या मी तुला घातल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की रात्री घाबरून उठणाऱ्या पोरीने हाक मारली तर कोणीतरी ओ द्यायलाच हवी होती, आणि ती तू दिलीस. तरीही माझा जळफळाट कमी होत नाही, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा नाव इतक्यात घालू नकोस. रेवाच्या इथे परत यायच्या व्हिसाची मुदत जूनअखेर संपते. तिला आणायला शिरीष निघणार होते, मी त्यांना थांबवलं. पिल्लं उडाली की मी येतेय. तिला तिथे ठेवायचं की आणायचं ते तिच्याकडे बघून ठरवू, भांडायचं असेल तर तेव्हा भांडू. तोवर ती तुला काहीही म्हणो, तू ओ देत जा. फक्त मी फाटकाशी आले आणि ती घरातून आई म्हणून ओरडली, की त्या एका वेळी तू गप्प राहा.

तुझीच,
ताई