अहिल्येला दाखवलेला खरा सिनेमा

७ जानेवारी २००१, रविवार
चेतनाच्या आग्रहाने नव्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो. मुलगी टीव्ही चॅनेलात लागल्यापासून बापाला सिनेमा शिकवते. चार पडदे, सिनेमा एकावरही नाही. नायक लंडनमध्ये राहतो, पोटापाण्यासाठी काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. इंटरव्हलला उठलो. अहिल्या उठली नाही. बाहेर दीड तास बाकावर बसलो. निषेध म्हणून.

८ जानेवारी, सोमवार
संकल्प. या लोकांना खरा सिनेमा दाखवायचाच. १९७० साली, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, अहिल्येला पहाडगंजला नेऊन दाखवला होता तोच. नायक बायकोसाठी अख्खा जन्म झिजतो. अहिल्या रडली होती. तेव्हा बायकांना अभिरुची होती.
दिल्लीच्या मराठी मंडळाच्या राजाभाऊंना फोन केला. मंडळाच्या हॉलसाठी चौदा तारीख सुचवली. म्हणाले, त्या दिवशी मंडळाची बस काला अंबला जाते, पानिपतच्या वीरांना अभिवादन करायला. दोनशे चाळीस वर्षं थांबलेत, आणखी आठवडा थांबले असते. शेवटी एकवीस ठरली.

१३ जानेवारी, शनिवार
पन्नास खुर्च्या सांगितल्या. आधी माझं भाषण, ‘अभिरुचीचा ऱ्हास’. चाळीस मिनिटं. कमी करणं अशक्य. अहिल्येने विचारलं, दुसरा कुठला सिनेमा नाही का. हसलो.

२१ जानेवारी, रविवार, संध्याकाळी साडेसात
अकरा जण आले. थंडी फार. भाषणात दोघे गेले, त्यांना कामं असावीत.
व्हीसीडी लावली. पहिल्या अर्ध्या तासात नायक बायकोच्या थोबाडीत मारतो. हे आठवत नव्हतं. मग पुन्हा मारतो. झिजते ती बायको. तो नुसता खोकतो. मागे कोणीतरी हसलं. चेतनाच. राजाभाऊंनी चहा वेळेआधी आणवला आणि चहानंतर कोणी बसलं नाही.
घरी आल्यावर अहिल्येला म्हटलं, व्हीसीडीवाल्यांनी चांगले सीन कापलेत. ती शाल घडी करत म्हणाली, “मला तेव्हाही नव्हता आवडला.”
मग रडली का होतीस, विचारलं.
“ज्याला हे आवडतं त्याच्याबरोबर आता जन्म काढायचा, म्हणून.”
तीस वर्षांत एकदाही बोलली नाही, म्हणजे मत पक्कं नसणार.

२२ जानेवारी, सोमवार
तिने तेव्हाच का सांगितलं नाही? मी विचारलं नव्हतं म्हणे. सिनेमा इतका उघड चांगला असताना विचारायचं काय?

२८ जानेवारी, रविवार
मायलेकी आज तीनच्या शोला. कुठलातरी नवाच, नावसुद्धा अर्धं इंग्रजी. टीका करायची तर बघायला हवं, एवढ्याच कारणासाठी म्हटलं, मीही येतो. चेतना म्हणाली, “बाबा, तिकिटं दोनच काढलीत.” अहिल्या चपला घालत होती.
बरंच झालं. आग्रह केला असता तरी मी गेलो नसतो. इस्त्रीचा शर्ट सव्वादोनलाच घातला होता. पाच वाजता बदलला.