डावा कान

तीर्थस्वरूप अक्कास यज्ञूचा नमस्कार.

परवा इथल्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानाशी घड्याळ धरलं, मला टिकटिक ऐकूच आली नाही, आणि भीमेतून पोहत जायचा माझा सगळा बेत फिसकटला. कान वाहतोय हे मी आठ दिवस तेलाचा बोळा कोंबून लपवलं होतं. आईला मात्र पडसंच सांग.

“पुन्हा नदीत उतरलास तर बहिरा होशील, शहाण्या!” डॉक्टर म्हणाले. मी रागाने त्यांना वाटेल ते बोललो.

आज माझ्याबरोबरचे सगळे पोहणारे भीमेतून पुढे गेले. धर्मशाळेत मी एकटाच उरलोय.

पार टाकळी गावापर्यंत पोहून दाखवीन, असं शेजारच्या अनसूयेला सांगून कॉलेज सोडलं. ती काही विचारते का गं? हरलो म्हणून हसली तरी चालेल, पण ते हसणं मला ऐकू आलं पाहिजे.

कान धुवून घ्यायला डॉक्टरांकडे निघालोय. दार ओढून घेतो.

तुझा यज्ञू